साडूच्या गच्चीचं पाणी

३ मे
काल सासऱ्यांकडे जेवताना साडूने सगळ्यांदेखत मला गटारवाले म्हटलं. बायकोही हसली. ड्रेनेज विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस असलं पोटात घालत नाही. संकल्प : साडूची जिरवणे. बायकोला माझी किंमत कळलीच पाहिजे. शिवाय रोज चालणे.

७ मे
चाललो नाही. गुडघा.
साहेबांचा हुकूम : पावसात मैल्याच्या लाइनला तिप्पट पाणी येतं, शुद्धीकरणाच्या प्लांटला झेपत नाही. कुठे सांध्यांतून जमिनीतलं पाणी झिरपतंय, कुणी गच्चीचा पाइप चोरून जोडलाय, शोधा. गल्ली तुम्हीच निवडा म्हणाले. दोन सेकंद विचार केला. साडू आमच्याच गल्लीत, चढावर. भिंतीला भिंत लागून, खाली आम्ही.

१२ मे, सकाळी ११
स्मोक टेस्ट. मॅनहोलमध्ये ब्लोअरने धूर सोडायचा. ज्याच्या गच्चीच्या पाइपातून निघेल तो चोर. साडूच्या गच्चीवरून असा निघाला की डोळ्यांचं पारणं फिटलं. साडू बनियनवर रस्त्यात. आमच्या बाथरूममधूनही निघाला, असं बायको म्हणते. किरकोळ.

१३ मे
नोटीस स्वतः लिहिली. कारकुनाने विचारलं, जोड तोडल्यावर पाणी जायचं कुठे? म्हटलं, घाल 'नैसर्गिक उताराने सोडावे'. नसत्या शंका काढतो. सही झकास आली.

१५ मे
साडू भांडला नाही. चूक झाली म्हणाला आणि प्लंबर बोलावून पाइप तोडला. फार निराशा झाली. निदान हातापाया तरी पडायचं. बायको तीन दिवस बोलत नाही. भारावली असावी.

२ जून
जोराचा पाऊस. लाइनचं पाणी कमी झालं, असं मला तरी दिसलं.
दुपारी ४ : साडूच्या अख्ख्या गच्चीचं पाणी आमच्या हॉलमध्ये. सोफा विटांवर चढवला. तात्पुरता.

५ जून
साडूविरुद्ध लेखी तक्रार. साहेबांना ठणकावलं, हे उताराचं कुठल्या शहाण्याने लिहिलं? त्यांनी नोटीस माझ्याकडे फिरवली. साडू नियमाने वागतोय म्हणाले. वर त्याने माझ्या कर्तव्यदक्षतेबद्दल विभागाला आभाराचं पत्र पाठवलंय. हलकट.

८ जून, सकाळी
पाणी घोट्याच्या वर. बायको बॅग भरून बहिणीकडे गेली. तिथे कोरडं आहे म्हणाली. मी मरेन, पण साडूची पायरी चढणार नाही.

८ जून, संध्याकाळी ५
साडू स्वतः छत्री घेऊन न्यायला आला. माझी बॅगही त्यानेच उचलली. त्याच्याच पायजम्यात, त्याच्याच पलंगावर बसून हे लिहितोय. बायकोने चहा आणून दिला, साडूच्या मोठ्या मनाचं कौतुक करून गेली. तो एका शब्दाने टोचून बोललेला नाही. याचा सूड कसा घेतात, तेच मला सुचत नाहीये.