तीन तास डोक्यावर

गोरखपूर मोहल्ला, जबलपूर
१९ मे

ती. स्व. सुहासिनीताईस,

टिकारामचा सप्रेम जयभीम. तुझी शुगर आटोक्यात असेल आणि आंबे तू लपूनच खात असशील, असं धरून चालतो. इथे आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत. म्हणजे बेबीचे गुडघे होते तिथेच आहेत, माझी मान मात्र जागेवर राहिलेली नाही. कारण तुझे चिरंजीव.

अश्वजीतच्या पुण्याच्या कंपनीने डोळ्यांवर बांधायचं ते व्हीआरचं यंत्र बनवलंय (बांधलं की खुर्चीत बसल्या बसल्या डोंगरदऱ्या दिसतात). ते जास्त वेळ घातलं तर माणसाला सोसवतं का, एवढंच बघायचं होतं. रोज तीन तास, पंधरा दिवस. मामाइतकी फुरसत कोणाला आहे, असं तो प्रेमाने म्हणाला. फॅक्टरीत चौतीस वर्षं माल तपासून रिटायर झालेल्या माणसाला फुरसत असते, हे मी नाकारत नाही.

ताई, ते सोसवत नाही. सगळं वजन पुढे, नाकावर. चष्मा आत मावत नाही, आणि काढला तर डोंगर कुठला नि दरी कुठली ते कळत नाही. कूलर लावूनही यंत्राच्या कडेच्या गादीखाली घाम साचतो (आत बर्फ पडत असतो, बाहेर जबलपूरचा मे महिना). पट्टा आवळला की कपाळ ठणकतं, सैल केला की सगळं धूड घसरून हनुवटीवर येतं. शेवटी तोल साधायला एका मोज्यात जुनं कुलूप घालून मागे लटकवलं. नाक वाचलं, मान गेली. तोंडावरचे लाल वळ पाहून शेजारच्या ललितने जिन्यात हळूच विचारलं, "अंकलजी, घर में सब ठीक है न?" तेव्हापासून तो बेबीला दारातूनच फार अदबीने नमस्ते करतो.

तरी मी तपासणी रीतसर केली. दर अर्ध्या तासाला नाकावरचा वळ पट्टीने मोजला, तक्ता भरला, खाली 'नापास' लिहिलं, तीन प्रती केल्या आणि एक थेट कंपनीच्या मोठ्या साहेबांना पाठवली. अश्वजीतला नाही, तपासणीचा कागद नातेवाइकाच्या हातून जात नसतो. साहेबांनी तो लगेच मानला (फॅक्टरीत असं कधी झालं नाही) आणि सगळे नग परत मागवले. सोमवारी कुरिअरवाला येतोय. अश्वजीत माझा फोन उचलत नाही. थकलो गं ताई.

तुझा,
टिकाराम

ता. क. – तुझा फोन तो उचलेल. त्याला सांग, निदान हा एक नग इथेच राहू दे. बेबी रोज दुपारी तो लावून बसते. दोन वर्षांत ती जिना उतरलेली नाही. त्यात मात्र हातातलं बटण दाबत डोंगरवाटेने चालते. परवा मी चहा मागितला तर म्हणाली, "काहून हाका मारून राहिले? अजून वर पोचायची आहे मी." सोमवारचं तिला सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

ता. क. २ – आज तिचे चार तास झाले, तेव्हा न राहवून विचारलं, जड नाही का होत? म्हणाली, "काय जड?" हे अश्वजीतला जरूर कळव. माझ्या तक्त्यात हे लिहायला रकानाच नव्हता.