जुन्या तिजोरीवरचा हात

मी, चिमाजी भिकोबा गायकवाड, वय एकसष्ट, निवृत्त फिटर, राहणार चिंचवड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्याने चालते आणि हात अजून थरथरत नाही. यातली शेवटची बाब पुढे कामाला येईल.

१. राहते घर पत्नी केसरबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्यामागे मुलगा ज्ञानदेव याचे. पोस्टातली शिल्लक केसरबाईची. माझे तेलकट कपडे धुताना तिने कधी कटकट केली नाही असे लिहिणार नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

२. माझ्या कानशी आणि पाने पुतण्या जयसिंग यास द्यावेत. माझा मायक्रोमीटर त्याने १९७१ सालीच नेला आहे, तो द्यायचा प्रश्न उरला नाही.

३. माजघरातली लोखंडी तिजोरी मुलगी कुसुम हिची. ज्ञानदेव रागावेल, म्हणून कारण लिहितो.

१९६४ साली तिजोरीफोडीच्या एका बोलपटासाठी आमच्या कारखान्यातून ही तिजोरी नेली आणि सोबत मला नेले. पुढे कारखान्याने ती मोडीत काढली, तेव्हा मी विकत घेतली. हिरोला तिजोरीची आकड्यांची चाकी फिरवता येईना. दिग्दर्शक म्हणाले, "चिमाजीराव, तुमचेच हात दाखवू. पण जिवंतपणी कुठं बोलू नका, हिरोचा मान जाईल." मी शब्द दिला आणि पाळला.

पडद्यावर चार मिनिटे नुसते हात. गाणे नाही, चाकीची टकटक तेवढी. दार उघडल्यावर माझी चूक झाली. खिशातून कॉटन वेस्टचा, म्हणजे सुताच्या गुंत्याचा, बोळा काढून मी तिजोरीची मूठ पुसली. घामाचा हात लागला की लोखंड गंजते, म्हणून टूलरूममध्ये आम्ही सगळेच पुसायचो. चोर कशाला पुसेल? पण ते तसेच राहिले आणि लोक म्हणाले, चोर हुशार, ठसे पुसतो.

गेल्या वर्षी तीच गोष्ट नव्याने रंगीत निघाली. ज्ञानदेव मला पिंपरीला घेऊन गेला. तिजोरी प्लायवूडची, दाराबरोबर अख्खी हलत होती. हिरो ढोलाच्या तालावर अर्ध्या मिनिटात ती उघडतो आणि रेशमी रुमालाने मूठ पुसतो. हातात मोजे घालून. मला हसू आवरेना. माझी चूक एवढ्या मोठ्या लोकांनी जपून उचलली, याचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. ज्ञानदेव म्हणाला, "आप्पा, नवाच भारी हाय. जुन्यात काय, कुणाचं तरी हात." ते लागले. पण मी शब्दाला बांधलेला होतो.

जुना बोलपट तळेगावच्या तंबूत लागला तेव्हा कुसुम नऊ वर्षांची होती. मूठ पुसली तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "आप्पा, ह्यो हात तुमचा हाय."

मी म्हणालो, "न्हाई गं."

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ते खोटे मला अठरा वर्षे डाचते आहे.

४. मला लिहिता येते, तरी सहीखाली डाव्या अंगठ्याचा ठसा देतो. त्यावर कापल्याची जुनी आडवी खूण आहे. तीच खूण जुन्या बोलपटात मूठ पुसताना स्पष्ट दिसते. ज्ञानदेवने पडताळून पाहावे. अंगठ्याची शाई ज्या बोळ्याने पुसेन, तो तिजोरीत ठेवीन.

शब्द जिवंतपणापुरता होता, तो आता फिटला. कुसुम, व्हय. तो हात माझाच होता.

सही: चिमाजी भिकोबा गायकवाड
डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार (मजकूर न वाचता, सही व ठसा समक्ष पाहून):
धोंडीबा शेलार, सांगवी
उद्धवराव काळोखे, तळेगाव दाभाडे

चिंचवड, ६ नोव्हेंबर १९८२