न वाकणारं लाकूड

१९५८, भाद्रपद वद्य नवमी. सकाळ.
आजपासून रोज लिहवून घेणार. मी सांगायचं, सूनबाई अनुसूयानं लिहायचं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही.
न्हाणीत घसरले. डाव्या घोट्याच्या हाडाला केसाएवढी चीर, पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाला, दसऱ्यापर्यंत खाट सोडायची नाही. उद्या उठणार.

दशमी.
उठले. पडले. मांजर आडवं आलं. अनुसूया म्हणते, आपल्याकडे मांजर नाही. लिहिणाऱ्यानं वाद घालू नये.

एकादशी.
काळजी पायाची नाही. दसऱ्याला केळीच्या खांबावर पहिला बाण आमच्या घरचा. सात पिढ्यांचा मान. जुनं धनुष्य गेल्या वर्षी तडकलं. नवं झालं नाही तर मान, त्यावर टपून बसलेल्या फत्तेसिंगाच्या घरी जाणार, आणि त्याची आई फराळाचं ताट घेऊन माझं सांत्वन करायला येणार. त्यापेक्षा मरण बरं.
लेकाला, भीमसेनला, बजावलं: लाकूड मी निवडणार.

द्वादशी. दुपार.
कल्लाप्पा सुतार नमुने घेऊन खाटेपाशी आला. हल्ली म्हणे पातळ पट्ट्या सरसानं एकावर एक चिकटवतात. धनुष्याच्या पाठीला बांबू, पोटाला धामणीचं लवचीक लाकूड, असं त्याचं मत. बांबू तिरडीला लागतो! आणि धामणीच्या कावडीनं पाणके पाणी वाहतात. दोन्ही नामंजूर. ठोकून, हुंगून शिसवी लाकूड पास केलं. माझी खाट शिसवीच. चाळीस वर्षांत तसूभर वाकली नाही.
कल्लाप्पा म्हणाला, अक्का, धनुष्य स्वल्प तरी वाकायला पाहिजे की. मी म्हटलं, वाकायचं ते शत्रूनं.
मग तो आणि भीमसेन बाहेर बराच वेळ कुजबुजले. माझ्या पारखेचं कौतुक असणार.

त्रयोदशी.
भीमसेननं पट्ट्या चिकटवून, कापडात गुंडाळून आणल्या. सरस वाळेपर्यंत वर एकसारखं वजन हवं. कल्लाप्पाचे लाकूड दाबून धरायचे शिकंजे दुसऱ्या कामात अडकलेत. म्हणून गठ्ठा माझ्या गादीखाली. मी उठले की सांधा सुटणार.
मी आपणहून तयार झाले. डॉक्टरचं ऐकलं, असं कुणी समजू नये.

अमावास्या.
पाठीत रुततं. कूस बदलायची परवानगी मागितली. भीमसेन चिकपेटच्या दुकानात जाऊन कल्लाप्पाला विचारून आला. डावी चालेल.
बेडपॅनबद्दल काही लिहायचं नाही.

घटस्थापना.
घट दुसऱ्यांनी बसवले. वाकडे असणार. मला इथून फक्त खिडकी दिसते, आणि खिडकीत शेजाऱ्यांचं धोतर.

आश्विन शुद्ध पंचमी.
फत्तेसिंगाची आई बघायला आली. म्हणाली, वाघीण पिंजऱ्यात गं! मी म्हटलं, मी ड्यूटीवर आहे.

अष्टमी.
असह्य झालं. एक पाय खाली सोडला. अनुसूया म्हणाली, आत्याबाई, सात पिढ्या! पाय वर घेतला.

दसरा. संध्याकाळ.
सकाळी डॉक्टर प्लास्टर कापून गेला. हाड छान जुळलं म्हणाला. मला खुर्चीत घालून मैदानात नेलं, मागून भीमसेन धनुष्य घेऊन आला. त्यानं ओढलं. काय वाकलं! बाण खांबाच्या आरपार. मान राहिला. मी चारचौघांत ओरडले, शिसवी! माझी निवड!
फत्तेसिंगाच्या आईनं धनुष्य हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाली, अगं, पाठीला बांबू. पोटाला धामण.
घरी येऊन गादी उचलायला लावली. शिसवी पट्ट्या तिथंच. सरसाचा थेंब नाही, नुसत्या सुतळीनं बांधलेल्या.
अनुसूयाला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, लिहिणाऱ्यानं वाद घालू नये.
पाय मात्र दुखत नाही.
हे लिहू नकोस.