तीन मिनिटांचं सुंबरान

३ फेब्रुवारी
सापडला! तात्यांचा तो सूर. फोनवर रेकॉर्ड केलेली त्यांची ओवी आज अकरा वेळा ऐकली आणि गिटारवर शोधत बसलो. गिटारच्या दांडीवरच्या दोन फ्रेटच्या, म्हणजे पट्ट्यांच्या, मधेच कुठंतरी आहे तो — तार ओढली की लागतो. ब्लूजवाले नेमकं हेच करतात! तिकडं अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारी माणसं आणि इकडं तामलवाडीत मेंढरं राखणारा माझा चुलता. दोघांना एकच सूर कसा काय सापडला?
तात्यांनाच विचारलं. बिडी विझवत म्हणाले, "रडू गिळून गायलं की तिथंच लागतंय. त्यात काय इचारायचं?"

५ फेब्रुवारी
आणखी एक! तात्या ओळ टाकतात, मागची मंडळी तीच उचलून म्हणतात, मग तात्या पुढची टाकतात. ब्लूजमध्येही ओळ दोनदा, मग तिचं उत्तर. कुणी कुणाला शिकवलं? कुणीच नाही. मग?

९ फेब्रुवारी
पुण्याहून मेसेज. एका क्लबला रोज संध्याकाळी ब्लूज गाणारा-वाजवणारा हवाय. पगारी! पंधराला ऑडिशन. प्रत्येकाला तीनच मिनिटं.
वडील म्हणाले, "ही शेवटची बग. न्हाय झालं तर पाडव्यापासून मामाच्या टाइल्सच्या दुकानात उभा ऱ्हायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१५ फेब्रुवारी, परतताना, गाडीत
माती केली. स्वतःच्या हातानं!
घाबरलो की माणूस सवयीचं तेच करतो. माझ्या तोंडून सुंबरान निघालं. आमच्यात ओवी अशी थेट सुरू होत नाही. आधी हे स्मरण: बिरोबाचं नाव, मग गाव, शीव, ज्यांनी शिकवलं ते. तेच म्हणत सुटलो, ब्लूजच्या ठेक्यावर! बिरोबा, तामलवाडी, ढोल वाजवणारा सिदू, मेंढरांमागं गेलेले आजे-पणजे... आता गाणं सुरू करणार, तोच घंटी.
समोरच्या बाईंनी विचारलं, "गाणं कुठंय?"
म्हटलं, "अजून सुरू व्हायचंय."
सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

१६ फेब्रुवारी
मामांनी दुकानाचा शर्ट पाठवलाय. मापात बसतो, हे आणखी वाईट.

२१ फेब्रुवारी
फोन आला! त्याच बाईंचा — महेश्वरी नाव. एक मार्चपासून या म्हणाल्या! अट एकच: रोजचा कार्यक्रम त्या नावांनीच सुरू करायचा. मागून विचार केल्यावर सगळ्यांना तेच गाणं वाटलं म्हणे!
ओरडणारच होतो. मग आठवलं — क्लब. टेबलाटेबलावर दारू. तिथं बिरोबाचं सुंबरान?
उद्या कळवतो म्हटलं आणि तात्यांना सगळं सांगितलं. ते तसेच काठी घेऊन मेंढरांकडे गेले. नाही म्हणाले तर? त्यांचा शब्द मोडवेल का मला? मोडवेल की काय, अशी शंका येते. लाज वाटते हे लिहिताना.

२२ फेब्रुवारी
सकाळी तात्या दारात आले, बसलेही नाहीत. "देवाचं नाव तिथं न्हाय घ्यायचं. त्या जागी माझं घे. मला चालतंय."