अठ्ठ्याहत्तर डिग्री

६ मे

अकोल्याहून आलो. चंदनभाऊ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर नवे खेळ नीट चालतील असं करून देतात. त्यांना माणूस हवा आहे. मी म्हटलं, मला येतं. "येते म्हननारे दहा येऊन गेले. तुयाच मशीनवर करून दाखव."

अटी तिथंच लिहून घेतल्या. इथं पुन्हा उतरवतो, चूक नको. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, सलग वीस मिनिटं. सरासरी चाळीस फ्रेम — म्हणजे सेकंदाला चाळीस चित्रं. तीसच्या खाली एकदाही नाही. आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसले पाहिजेत. सगळं रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. माइक कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवायचा, त्यांना पंख्याचा आवाज ऐकायचा आहे. नवा पार्ट नाही, मशीनवर एसी नाही, कूलर नाही. फक्त सॉफ्टवेअर.

आणि वेळ दुपारी दोन ते चार. "रातच्याले कोनतंही मशीन चालते. मे महिन्यातल्या दुपारी चालवून दाखव."

७ मे

बाबांनी विचारलं, काल कुठं गेल्ता? कामासाठी, म्हटलं. कायचं काम? — खेळ हा शब्द तोंडातून निघाला आणि संपलं. "खेळाचं काम! उद्या झोपाचंही निघन."

आई हसली. मीही हसलो. पण बारावीत इंग्रजीत नापास झालो त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा बाबांनी एकदाच विचारलं होतं, पुन्हा देशीन का? मी मान खाली घातली. त्यांनी परत विचारलं नाही. आता मळ्यात फुलं तोडतो आणि पाट्या उचलतो. ते काम वाईट नाही. पण ते मला येतं असं कोणी म्हणणार नाही.

८ मे

पहिली चाचणी, काहीही न बदलता. बाहेर ४४. सरासरी ३१. सर्वात कमी १४. प्रोसेसर ९५ डिग्री. रेकॉर्डिंग अडखळत झालं.

कॅबिनेट आतल्या खोलीत ठेवता येत नाही, तिथं अर्थिंग नाही, हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून ते समोरच्या खोलीत, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे. वायरी भोकातून आत घेतल्या आहेत. मी आत, हेडफोन लावून. समोरच्या खोलीत दुपारी बाबांच्या मोगऱ्याच्या पाट्या असतात, ओल्या फडक्याखाली, कूलरच्या तोंडाशी. चारनंतर बाबा त्या गांधी चौकात आईच्या गाळ्यावर नेतात. लग्नसराई आहे, गजरे पुरत नाहीत.

१० मे

मागे चालणारे नको ते एकोणीस प्रोग्रॅम बंद केले. रेकॉर्डिंगचं ओझं प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डावर टाकलं. ३५, कमीत कमी १९. तापमान तेच.

बाबांनी कॅबिनेटला हात लावून पाहिला. "भाकर भाजन याच्यावर."

"तापला की आपोआप हळू होते, बाबा. मंग आकडा पडते."

"अन् आकडा पडला तं?"

"तं काम नाही भेटत."

"हूं."

१२ मे

सावल्या बंद. फ्रेमला ४५ ची मर्यादा, म्हणजे उगाच धावणार नाही. ३७, २२. तापमान ९३. तीन आकड्यांचा तक्ता केला वहीत. एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले की कशानं फरक पडला ते कळत नाही.

१४ मे

प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरनं थोडं उतरवलं. सहाव्या मिनिटाला मशीन बंद. निम्म्याने परत वाढवलं. चाललं. ३८, २५. ९१ डिग्री.

सरासरीला दोन फ्रेम कमी! फक्त दोन.

१६ मे

व्होल्टेज आणखी एक पायरी खाली. सरासरी ४४. सर्वात कमी ३८. तापमान ७८.

तीनदा पाहिलं. ७८.

१७ मे

पुन्हा ७८. व्होल्टेजच होतं तर. एका पायरीत तेरा डिग्री जायला नको खरं तर, पण गेले.

रात्री आई कुरकुरत होती, मोगरा पिवळा पडला, गिऱ्हाइकानं परत केला. बाबा म्हणाले, दुपारी लाइन गेल्ती. माझं मशीन तर बंद पडलं नाही. विचारणार होतो, राहून गेलं.

१८ मे

९१. ३८, २५. सगळं चौदा तारखेसारखं. सेटिंग एकही बदललेलं नाही, ओळ न् ओळ ताडून पाहिली. बाबा लग्नाची ऑर्डर घेऊन परतवाड्याला गेले होते म्हणून पाट्या मीच ठेवल्या, वेळ जरा पुढेमागे झाली, तेवढाच फरक. रात्री विंडोजचं अपडेट बंद केलं. तेच असणार.

१९ मे

७८. ४४, ३८. अपडेटच होतं.

२० मे

कालचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्याआधी वीस मिनिटं तीन वेळा पाहिली, कोपऱ्यातला आकडा कुठं तीसच्या खाली जातो का. नाही जात.

२२ मे

चंदनभाऊंचा फोन. "अठ्ठ्याहत्तर? अकोल्यात माया दुकानात एसी असून येत नाही बे! सोमवारी ये. येताना काय काय केलं ते लिहून आन, दुसऱ्या मशीनवर करून पाहू."

बाबांना सांगितलं. त्यांनी पाटी खाली ठेवली. "म्हंजे झालं?" झालं, म्हटलं. "बरं झालं," म्हणाले आणि पाटी उचलून गेले.

२३ मे

चंदनभाऊंसाठी पायऱ्या लिहायला बसलो. पंख्याचा वेग कधी वाढला ते लिहावं म्हणून रेकॉर्डिंगचा आवाज पहिल्यांदा लावला. आकडे तीनदा पाहिले होते. आवाज एकदाही ऐकला नव्हता.

तिसऱ्या मिनिटाला चाकं फरशीवर घसरल्याचा आवाज. मग एकदम वारा, माइकच्या अंगावर. अकराव्या मिनिटाला बाबांशी बोलणारे शेजारचे मोतीरामकाका, ते गजऱ्यासाठी फुलं न्यायला येतात.

"किसनराव, फुलं उकडून राहिली ना. कूलर तिकडं काहून फिरवला?"

"हळू बोल. पोराची परीक्षा चालू हाये आत."

"बारावीची? पुन्हा?"

"नाही बे. हे दुसरी. डबा तापला का नापास करतात म्हने."

"अन् फुलं?"

"फुलं काय, उद्या येतीनच."

पुढची नऊ मिनिटं फक्त वारा.

१८ तारखेला बाबा परतवाड्याला होते. तक्त्यात बाबांचा रकानाच नव्हता.

चंदनभाऊंनी बहुतेक आवाज ऐकलाच नाही. तिसऱ्या मिनिटाआधीच आकडा पाहून खूश झाले असतील. मी नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. पण त्या पायऱ्या दुसऱ्या मशीनवर चालणार नाहीत. आणि कूलर नाही, ही ओळ मीच लिहून घेतली होती.

फोन लावला. सगळं सांगितलं. मग — "सोमवारचं राहू दे. बिगर कूलरचं पाठव, मंग पाहू. हप्ताभराचा टाइम देतो."

२४ मे

पावणेदोन. बाबा कूलरला हात घालणार तेवढ्यात पार्टिशनच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, फुलांकडेच राहू द्या, परीक्षेचा नियम आहे. ते ओशाळले, मग चिडले. "आधी सांगता नाही आलं? चार पाट्या गेल्या माया!" मग कूलर स्वतःच मोगऱ्याच्या आणखी जवळ सरकवला.

"अन् नापास झाला तं?"

"पुन्हा देईन."