दहापैकी नऊ भाकिते

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो; परंतु पाठीमुळे सध्या कमरेपर्यंतच वाकता येते, आणि पत्रात खोटे लिहू नये.) तुझा गुडघा कसा आहे? आम्ही तिघे शरीराने ठीक आहोत. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस.

विषय तुझ्या भाचीचा आहे. विमा कंपनीतली कायम नोकरी सोडून तिला एका शाळेत संगीत शिकवायचे आहे. शाळेला उत्तर महिनाअखेरपर्यंत हवे आहे. "आत्याने नाही का केलं आयुष्यभर?" हा तिचा मुख्य मुद्दा, आणि पूरक पुरावा म्हणून ती मला एक विनोदी चित्रपट दाखवायला निघाली. बेकार वादक, द्वाड वर्ग, आंतरशालेय स्पर्धा. मी म्हणालो, ही गोष्ट मी जाहिरात पाहूनच सांगतो. "लावता पैज, बाबा?" झाले. दहा भाकिते लिहून मी पाकिटात बंद केली. नऊ खरी ठरली तर तिने नोकरी सोडायची नाही. कमी ठरली तर मी अवाक्षर काढायचे नाही. वाद उद्भवल्यास आत्याचा निकाल अंतिम. तिच्या आईने साक्षीदार म्हणून सही केली ("घरात वेडे दोन आणि सही माझी," असे म्हणत).

आता चित्रपटाविषयी. नायक पहिल्याच दिवशी उशिरा येतो. एक मूल मध्यंतरापर्यंत तोंड उघडत नाही, आणि मध्यंतरानंतर असे गाते की इतरांनी तोंड का उघडावे, असा प्रश्न पडतो. नायकाचे प्रमाणपत्र खोटे निघते, तो गाशा गुंडाळतो, आणि सबंध वर्ग त्याच्या बसमागे धावतो. (बसचा चालक आरशात पाहत नाही, हे मी लिहिले नव्हते, परंतु गृहीत होते.) प्रत्येक भाकीत मी वेळेआधी पत्नीच्या कानात जाहीर करत होतो. "आता दिवे जातील," असे म्हटले आणि ते गेले, तेव्हा पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "काका, सिनेमा तुम्हीच लिहिलाय का?" मी म्हणालो, तसे असते तर पोरांनी निदान एकदा तरी रियाज केला असता.

माझा खरा आक्षेप हाच आहे. तीन महिन्यांची तयारी एका गाण्यात उरकली, आणि त्या गाण्यात मुले वाद्यांसकट पाण्यात खेळत होती. तू चार-चार महिने एकच सरगम घोटून घेत असस. दाराबाहेर हिशेबशास्त्र घेऊन बसलेल्या मला ती आजही येते. तुझ्या त्या महाबेसूर विद्यार्थ्याने वर्षाच्या शेवटी एक स्वर बरोबर लावला, त्या दिवशी आनंदात तू जेवायलाच विसरलीस. असला एकही प्रसंग चित्रपटात नाही. विनोद म्हणजे घसरून पडणे. एकूण अकरा वेळा.

शेवटी मुलांना दुसरा क्रमांक मिळाला. (मी पहिला लिहिला होता, दिग्दर्शकाला ऐनवेळी वास्तवाची आठवण झाली.) बाकी नऊ खरी. पैज मी जिंकलो.

कन्येने शब्द पाळला. वाद नाही, अबोलाही नाही. वेळेवर ऑफिसला जाते, आल्यावर विचारते, "बाबा, चहा टाकू?" पूर्वी गात गात पाऊण तास बाथरूम अडवून ठेवी, आणि मी दारावर थापा मारी, आता सातव्या मिनिटाला बाहेर. तिची आई म्हणते, "जिंकलात ना? मग भोगा आता शांतता." माझे मत मात्र बदललेले नाही. चित्रपट सामान्य आहे, आणि कायम नोकरी ती कायम नोकरी.

कळावे. लोभ आहे तसाच ठेव, गुडघ्याची मात्र काळजी घे.

तुझा धाकटा

ता. क. भाकितांची यादी सोबत जोडली आहे. सातवे नीट वाच : "संगीतद्वेष्ट्या मुख्याध्यापिका अखेरीस टाळ्या वाजवतील." प्रत्यक्षात बाईंनी खुर्चीच्या हातावर एका हाताने ठेका धरला. मी उत्साहाच्या भरात बरोबरची खूण केली. काटेकोरपणे पाहता एका हाताने टाळी वाजत नाही. मी स्वतः माघार घेतली तर ती मेहेरबानी समजेल आणि नाकारील. तेव्हा निकाल माझ्याविरुद्ध, कडक शब्दांत आणि महिनाअखेरीच्या आत तिच्या नावे पाठव.

आणखी ता. क. पोरगी माझ्यावर गेली आहे. ठेका म्हणजे टाळीच आणि बाबाच जिंकले, असा वाद ती तुझ्याशी तासभर घालील. बधू नकोस. मलाही तू कधी बधली नाहीस.