अरिस्तेयाच्या लग्नासाठी दोन ओळी

तीर्थरूप आर्गिरोअक्कास,

धाकट्या सिफिसचा गुडघ्यांपर्यंत वाकून नमस्कार. (त्याखाली वाकलो तर मला सरळ करायला माणूस बोलवावा लागतो.) तुझे गुडघे, तुझी मांजर आणि पिरेयसच्या दमट हवेतला भाऊजींचा खोकला, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करतो. इकडे मेंढरं खुशाल, पोर खुशाल, मी मेंढरांहून थोडा कमी. जहाजात पोट ढवळतं म्हणून तू भाचीच्या लग्नाला येत नाहीस, पलंगपोस पाठवते आहेस, हे समजलं. पलंगपोस पोचला. सुरेख आहे. त्याच्यावर मी रागावलेलो नाही.

रागवायला वेळ तरी कुठे आहे? द्राक्षं उतरली की लग्न, आणि जेवणाच्या मेजावर पहिली मांतिनादा मुलीच्या बापाने गायची. यमकाच्या दोनच तर ओळी, असं ज्यांना त्या गायच्या नसतात ते सगळे म्हणतात. उत्तर द्यायला समोर मुलाचा काका नेक्तारिओस. या माणसाला उचकी लागली तरी ती यमकात लागते. वरच्या आळीतला वार्दिस मुलीच्या लग्नात उभा राहून नुसताच खाकरला होता, आठवतं ना? आज त्याच्या नातवंडांनाही गाव ‘खाकऱ्याची पोरं’ म्हणतं. त्यात अरिस्तेयाने मला बजावलंय, “बाबा, उसन्या ओळी आणायच्या नाहीत. तुमच्या स्वतःच्या म्हणा, वाकड्यातिकड्या असल्या तरी चालतील.” आता आपल्या घरात कविता होती ती तुझ्यात आणि अरिस्तेयाच्या आईत, माझ्या काल्लिओपीत. तू तुझा वाटा घेऊन पिरेयसला गेलीस, ती तिचा घेऊन देवाघरी गेली. माझ्या वाट्याला मेंढरं राहिली.

विषय कुठे मिळतो हे विचारायला मी पोलिदोरोसच्या कॉफीच्या दुकानात गेलो, ही पहिली चूक. (जिथे कॉफीत साखर किती यावरून माणसं बोलायची बंद होतात, तिथे कवितेचं विचारू नये.) एक म्हणाला, डोंगराकडे बघ. दुसरा म्हणाला, राकी पी, डोंगरच तुझ्याकडे बघेल. पोलिदोरोस कप पुसत म्हणाला, “अरे येड्या, विषय शोधायला जातात होय? विषय आपणहून येऊन धडकतो!” मी तिघांचंही ऐकलं. थोडी राकी घेतली, कुरणात जाऊन दगडी बांधावर बसलो आणि प्सिलोरितिसच्या शिखराकडे टक लावून विषयाची वाट पाहू लागलो. तो आला आणि धडकला, पण मागून. आपला थोरला मेंढा. (त्याने मला ओळखलं नाही असं समजू नकोस, ओळखलं म्हणूनच आला.) मी बांधापलीकडच्या काटेरी झुडपात. तिथे दोन ओळी सुचल्या खऱ्या, पण त्यात मेंढ्याच्या आईचा उल्लेख आहे, आणि लग्नाला पाद्री असणार.

मग डोकं लढवलं. गावातल्या निम्म्या मांतिनादा प्रेमाच्या, म्हणजे समोर बाई असल्यावाचून त्या येत नसाव्यात. नुसती नमुना म्हणून, अक्का. भट्टीवाली ख्रिसी तुला माहीत आहे. नवरा गेल्यापासून एकटीच पाव भाजते, लग्नाचा नक्षीचा पावही तीच करणार आहे. तिच्या सज्ज्यावर जाईचा वेल आहे. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, ती भट्टीवर असेल या हिशेबाने मी वेलाखाली उभा राहिलो, आणि काय सांगू, ओळी आल्या! कानाला कशा लागतात ते बघायला मोठ्याने म्हटल्या:

जाईखाली तुझ्या येता पाय माझे अडले,
सांग वेली, कुणासाठी फूल खाली पडले?

आपल्या गावात खिडकीखाली म्हटलेल्या ओळीला तालीम म्हणत नाहीत, मागणी म्हणतात, आणि खिडकीला उत्तर द्यावंच लागतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण खिडकीत कोणी आहे हे ठाऊक नव्हतं. झडप उघडली, पिठाने माखलेले हात कमरेवर ठेवून ख्रिसी बाहेर आली, आणि श्वास न घेता म्हणाली:

फूल पडले वाऱ्याने रे, उगा नको फुगू,
दाढी करून ये आधी, मग काय ते बघू!

तिने झडप लावली आणि बाकीच्या गल्लीने उघडली. पोलिदोरोस आता मला ‘नवरदेव’ म्हणून कॉफी देतो. अरिस्तेया हसता हसता जमिनीवर बसली. संध्याकाळी ख्रिसीचा भाऊ आला. बंदूक नव्हती, भेटीचं चीज होतं, म्हणून मी जास्त घाबरलो. (दाढी केली. पण लग्न तोंडावर आलंय म्हणून.)

तर लेकीसाठीच्या ओळी अजून नाहीतच. तुझ्याकडे एखादा विषय सुटा पडला असेल तर परतीच्या टपालाने पाठव.

तुझा काटे टोचलेला भाऊ,
सिफिस

ता. क. विषय पाठवू नकोस. आज सकाळी अरिस्तेया माझं लग्नातलं जाकीट बेतत होती. तोंडात टाचण्या, तरी ओरडणं चालूच. मी हात वर करून उभा होतो. एकदम मनात आलं, पुढच्या महिन्यात मला कोण ओरडेल? ओळी आपोआप आल्या:

टाचण्या धरून ओठी म्हणतेस, ‘बाबा, नका हलू’,
हललो नाही मी, गं पोरी, तूच लागलीस चालू!

ता. क. दुसरा. खरं ते आता लिहितो. पहिली ओळ मला म्हणता येते. मेंढरांसमोर म्हटली, पोलिदोरोससमोर म्हटली. दुसरीशी आलो की नुसता खाकरा निघतो. मला तुझी कविता नको, तू हवी आहेस. लिंबू हुंगत ये, पण ये. मी पहिली म्हणेन, अडकलो तर दुसरी तू म्हण.

ता. क. तिसरा. ख्रिसीच्या कानावर हे गेलंय. ती म्हणते, “अक्का नाही आल्या तर दुसरी ओळ मी उचलते, त्यात काय!” भर मेजावर बाईने बाप्याची ओळ पुरी केली तर गाव काय समजतं, हे तुला सांगायला नको. तिलाही सांगायला नको. मेजावर माझ्या एका बाजूची खुर्ची अरिस्तेयाने मला न विचारताच तिला देऊन टाकली आहे. दुसरी तुझी आहे.